मामाचा खारट चहा

माझा मामा चहा चाखतो. म्हणजे पोटापाण्यासाठी. गोदामात आलेल्या प्रत्येक मालाचा घोट घेतो, तोंडात खळखळवतो, भांड्यात थुंकतो आणि निकाल देतो. तो निकाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. उभ्या आयुष्यात त्याने एकही फिरवलेला नाही, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असतो.

गेल्या आठवड्यात तो गोदामात शिडीवरून पडला. कपाळाला टाके पडले आणि डाव्या नाकपुडीतून पाणी गळू लागलं. तो म्हणे, सर्दी. मी कान-नाक-घशाची डॉक्टर. शेवटी दंडाला धरून त्याला आमच्या वॉर्डात आणलं. डोक्याला मार लागल्यावर गळणारं पाणी मेंदूभोवतालचं असू शकतं. तसं असेल तर ज्या वाटेने ते बाहेर येतं त्याच वाटेने जंतू आत शिरतात, आणि चांगला धडधाकट माणूस हातचा जातो.

पूर्वी नमुना बाहेरच्या लॅबला पाठवून वाट बघत बसावं लागे. आता खाटेपाशीच सोक्षमोक्ष लागतो. पट्टीवर थेंब टाकायचा आणि चहा मुरायला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबायचं. एक रेघ उमटली तर साधं पाणी, दोन उमटल्या तर मेंदूभोवतालचं. ही पट्टी वॉर्डात यावी म्हणून मी वरिष्ठांशी कचाकचा भांडले होते, त्यामुळे तिच्यावर माझा भलताच जीव.

मामाच्या हातात वाटी दिली, वाकून नाकातलं पाणी गोळा कर म्हणाले आणि शेजारच्या खाटेकडे वळले. परत आले तर वाटीत भरपूर नमुना. रेघ एकच.

मामाने लगेच बूट मागितले. मामी पिशवी भरता भरता कुरकुरली, की पडल्यापासून यांना माझ्या हातचं सगळंच खारट लागतंय. परवा तर गोदामात जाऊन चांगल्या चहाची पोतीसुद्धा खारट म्हणून परत पाठवली.

मी बूट परत खाटेखाली सरकवले. मेंदूभोवतालचं पाणी घशात उतरलं की तोंड खारट होतं. मामाची जीभ चुकत नाही. माझी पट्टीही चुकत नाही. मग चूक त्या वाटीतच असणार.

"मामा, वाटीत पाणी कसं जमवलंस, करून दाखव बघू."

त्याने वाटी हनुवटीखाली धरली, नाकातलं पाणी जोरात आत ओढलं, तोंडात खळखळवलं आणि ऐटीत थुंकला.

मी कपाळावर हात मारला. "अरे, मी तुझी थुंकी तपासली. नाकातलं पाणी तिच्यात नावालाच."

"भांडं हातात दिल्यावर मी दुसरं काय करणार?"

या वेळी मी त्याची मान धरूनच बसले. तोंड मिटलेलं, ओढायचं नाही, नुसतं गळू द्यायचं. थेंब पट्टीवर टाकले. रेघा दोन उमटल्या, आणि दुसरी चांगली ठळक.

आता उशाला उंची, शिंकरायला बंदी, आणि गळती थांबली नाही तर नाकाच्या छपरातली, पाणी येतं ती चीर दुर्बिणीतून बुजवायची. हे काम मला येतं आणि उत्तम येतं, असं मी त्याला सांगितलं. मामीने पिशवी रिकामी केली. मामाने पट्टीवरच्या रेघा बोटाने मोजल्या. मग फोन मागून घेऊन त्याने गोदामातल्या कारकुनाला लावला.

"ती पोती परत मागवा," तो म्हणाला. "चहा चांगला होता. खारट मी होतो."