काट्यावरची फडकी

"मावशी, ते फडकं खाली ठेवा. आधी वजन होऊ दे!" सिस्टर करवादली. मावशीने फडकं ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. बाळंतिणींच्या वॉर्डात तिची उभी हयात गेली होती. फरशी अशी राखायची की तीत तोंड पाहून घ्यावं. म्हणून तर सगळे तिला चकाचक मावशी म्हणत. आणि आता म्हणे रक्ताची फडकी बाळंतिणीखालीच राहू द्यायची! ऐकावं ते नवलच.

हे खूळ नव्या डॉक्टरीणबाईंचं. त्यांनी सगळ्यांना, अगदी मावशीलासुद्धा, समोर बसवून सांगितलं होतं. "रक्त किती गेलं ते आपण नजरेनं ठरवतो आणि कमीच धरतो. मोठमोठ्या अभ्यासांत हेच दिसलंय. म्हणून आता फडकी काट्यावर घालायची. आकडा वाढला की सगळे उपचार एकदम सुरू. वाट बघत बसायचं नाही."

"बाळंतीण म्हणजे काय बटाटे आहेत का तोलायला?" मावशीने विचारलं, तसे सगळे खो खो हसले.

डॉक्टरीणबाईही हसल्या. "बटाटे सडले तर दुसरे आणता येतात, मावशी."

मग मावशीची लेकच तिथे दाखल झाली. घरात तिला चिमणी म्हणत. सासर जरा तोऱ्यातलं. "तुम्ही साफसफाईचं काम करता ना हो?" असं विहीणबाईंनी लग्नातच चारचौघांत विचारलं होतं, आणि ते मावशीच्या काळजात रुतून बसलं होतं.

चिमणीला मुलगी झाली. चांगली धडधाकट. तेवढ्यात शेजारच्या खोलीत एक बाई अडली म्हणून सिस्टर पळाली. "फडकी तशीच ठेवा, मी आलेच," असं बजावून गेली.

दाराबाहेर विहीणबाईंचा आवाज आला. मावशीने लेकीखाली पाहिलं. सगळं भिजून चिंब. लेक अशी दिसली तर ही बाई जन्मभर ऐकवील! तिने झटकन फडकी ओढली, पाण्याच्या टबात बुडवली, पांढरी चादर घातली, लेकीच्या केसांवरून कंगवासुद्धा फिरवला.

"या ना, विहीणबाई."

"अगंबाई, किती स्वच्छ!" विहीणबाई म्हणाल्या. मावशीला आभाळ ठेंगणं झालं.

"आई, थंडी वाजतेय गं," चिमणी म्हणाली.

"वाजणारच. अंगात त्राण कुठे उरलंय?" मावशीने पांघरूण नीट केलं.

सिस्टर धावतपळत आली. नव्या चादरीवर थोडासा डाग. चादर बदललीय हे घाईत तिच्या लक्षातही आलं नाही; तीच काट्यावर घातली तर आकडा अगदीच किरकोळ. "ठीक आहे," म्हणत ती नाडी न बघताच परत त्या अडलेल्या बाईकडे गेली. डॉक्टरीणबाई आल्या तोवर चिमणीचे ओठ पांढरे पडले होते.

"आधीची फडकी कुठेत?"

मावशी टबाकडे धावली, दोन्ही हातांनी फडकी उपसली आणि तशीच काट्यावर नेऊन घातली. लाल पाणी फरशीवर वाहू लागलं.

"मावशी! पाण्यात भिजवली?"

"विहीणबाई आल्या होत्या हो, बाई... लेक माझी घाणीत कशी दाखवू?"

मग जे जे करायचं ते सगळं झालं. सुया, सलाईन, पोट चोळणं. रक्ताची बाटली आली, पण तिचा उपयोग राहिला नव्हता. त्या दिवशी ती फरशी दुसऱ्या कुणीतरी पुसली.

मावशी पुन्हा कामावर आली. तिला कुणी बोल लावला नाही, आणि चकाचक म्हणून हाकही मारली नाही. सिस्टर तर तिच्या नजरेला नजर देत नव्हती. जगणं नकोसं झालं होतं, पण नात होती. तिला विहीणबाईंनी नेलं होतं. मावशी भेटायला गेली की बाहेरच्या खोलीत बसवत.

एका सकाळी नव्या बाळंतिणीची सासू म्हणाली, "अहो मावशी, ही चादर बदला की. शी! आता चार माणसं येतील बघायला."

मावशी खाटेच्या कडेवर टेकली.

"येऊ देत," ती म्हणाली. "बघू देत."

तिने त्या पोरीचा हात हातात घेतला. हात गरम होता. तरी सिस्टर काटा घेऊन येईपर्यंत तिने तो सोडला नाही.