तोंड फिरवलं की थांबायचं

...भोपळ्याचा पिवळा ओघळ चमच्याच्या कडेला सुकत चालला होता. चमचा बाळाच्या ओठांपाशी, आणि बाळाचं तोंड भिंतीकडे. वाटीत अजून निम्मा कुस्करलेला भोपळा.

"बाबा, तोंड फिरवलं की थांबायचं," कामावर निघताना सून बजावून गेली होती. "वाटी संपवायचीच असं नाही. आणि भरवताना गोष्ट तर अजिबात नको. गोष्टीच्या नादात पोट भरलं तरी गिळत राहतो तो. नसेल जमत तर सोमवारपासून पाळणाघरात ठेवू. राग मानू नका."

"अगं, बाबांच्या गोष्टी साध्या समजलीस का?" बुटाची नाडी बांधायला वाकलेला मुलगा धापा टाकत हसला. "त्यांच्याच कृपेने मी हा असा गुटगुटीत!"

चेष्टाच ती. चेष्टाच असेल ना?... छापखान्यात मुद्रितं तपासण्यात म्हाताऱ्याचा जन्म गेला. चारचौघांत जीभ टाळ्याला चिकटायची. मुलाला भरवताना मात्र ती सुटायची — पुस्तकातला राजपुत्र दाराशी आला की एक घास, दार उघडलं की दुसरा — आणि वाटी लख्ख झाली की वाटायचं, आज आपण बाप शोभलो. पोर कधी तोंड फिरवायचं का? आठवेना. कसं आठवणार, डोळे पुस्तकात असायचे.

आणि आता हे बाळही पाळणाघरात गेलं, तर दिवसभर या खोलीत एकटं बसायचं, संध्याकाळपर्यंत एक शब्दही न बोलता...

"एक होता राजा," तो पुटपुटला, केवळ शांतता सोसवेना म्हणून. बाळाने झटकन मान वळवली, डोळे मोठे केले, आ वासला. चमचा आपसूक वर गेला — आणि थबकला. बाळ चमच्याकडे बघतच नव्हतं. ते त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

त्याने वाटी उचलली, स्वयंपाकघरात जाऊन केराच्या डब्यात रिकामी केली. मग ओलं फडकं आणून बाळाचं तोंड पुसलं. बाळ अजून वाट बघत होतं. आता गोष्ट सांगायला हरकत नव्हती, पण घासावाचून ती पुढे कशी न्यायची हेच त्याला सुचेना. हात रिकामे. बाळ टक लावून बघतंय. इतकं जवळून आपल्याकडे कोणी बघावं, याची त्याला भीती वाटली. आणि भीती वाटत असूनही त्याने नजर खाली वळवली नाही.