चढावर मला धाप लागते

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. विकणारे लोक मला ‘वापरलेली’ म्हणतात, जणू मी साबणाची वडीच. उंच चाके, रुंद तोंड, छपरावर सामान बांधायच्या दोन दांड्या, असा माझा थाट. लांबून पाहणाऱ्याला वाटते, ही रोज डोंगर पालथे घालत असेल. खरे सांगायचे तर मी एक लहान मोटारच आहे, फक्त उंच टाचांवर उभी केलेली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातला प्रकार.

माझे बालपण कारखान्यात गेले. माझ्या मागेपुढे माझ्यासारख्याच बहिणी रांगेत उभ्या होत्या. एका तपासनिसाने माझी दारे उघडून मिटून पाहिली आणि मला पुढे ढकलले. संपले बालपण.

माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. दर रविवारी ते मला स्वतः धूत, मऊ फडक्याने पुसत आणि आरशांच्या कडा कापसाच्या काडीने साफ करत. गाडी ठेवावी तर डॉक्टरांनी, असे शेजारी म्हणत. मलाही ते ऐकून बरे वाटे. पण रुग्णांना ‘दर सहा महिन्यांनी येऊन दाखवून जा’ असे बजावणाऱ्या या माणसाने माझे बॉनेट उघडून कधी आत डोकावले नाही. गिअरबॉक्सचे तेल बदलायचे असते, असे कुणीतरी सांगितले तेव्हा ते म्हणाले की ते तेल आयुष्यभरासाठी असते. कोणाच्या आयुष्यभरासाठी, हे मात्र त्यांनी विचारले नाही. वर मी चकाकत राहिले आणि आत तेल काळे पडत गेले.

एके दिवशी चालकासमोरचा, इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मला बोलता येत नाही, मी एवढेच करू शकते. डॉक्टरांनी लगेच मला विकायला काढले. गिऱ्हाईक येणार त्या सकाळी त्यांनी बॅटरीची तार काढून पुन्हा जोडली. असे केले की दिवा विझतो. दुखणे तिथेच असते.

मला घेतले ते पडदे शिवणाऱ्या एका बाईंनी. त्यांना सगळे ताई म्हणत. त्या घरोघरी जाऊन खिडक्यांची मापे घेत, पडदे शिवत आणि स्वतः शिडीवर चढून लावून देत. बसमध्ये त्यांच्या पडद्यांच्या लांब दांड्या लोकांना लागत आणि रोज कुणाची तरी बोलणी खावी लागत, म्हणून त्यांनी मला घ्यायचे ठरवले. सोबत त्यांचे मामा आले होते. मामांना गाड्यांतले सगळे कळते, असा घरात समज होता. त्यांनी माझ्या टायरला लाथ मारली, दार दोनदा आपटले आणि दार जड आहे म्हणजे गाडी दणकट आहे, असा निकाल दिला.

आठवड्याच्या आत दिवा पुन्हा लागला.

मेकॅनिकने आधी स्पार्क प्लग बदलले, मग एक सेन्सर बदलला, मग म्हणाला, आता बघू. सगळे अंदाजपंचे दाहोदरसे चालले होते. दुखणी एकाऐवजी दोन होती. माझा पाण्याचा पंपही गळत होता आणि ताई रोज सकाळी मला कूलंटऐवजी साधे नळाचे पाणी पाजत होत्या. बिचाऱ्यांना वाटे, तहानलेल्याला पाणी दिले. त्याने माझ्या आत गंज धरला आणि रेडिएटरही गेला. पुढे खड्ड्यांनी चाकांजवळचे रबरी बुश खडखडू लागले, एका चाकाचे बेअरिंग गुणगुणू लागले आणि मी इंजिन ऑइल पिऊ लागले. टायर, विमा, बॅटरी हे खर्च तर ठरलेलेच. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असे ताईंची आई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणे.

पण सगळ्यात वाईट दुखणे गिअरबॉक्सचे होते. सामान भरून लांब चढ चढायला लागले की मी थरथरे. इंजिन ओरडे आणि वेग मात्र उतरत जाई. तेल बदलल्यावर थोडा फरक पडला. पूर्ण बरे व्हायचे तर गिअरबॉक्सच नवा हवा होता आणि त्याला लागणाऱ्या पैशांत दुसरी जुनी गाडी आली असती. ताईंनी मग चढाचे रस्ते सोडले. सपाट रस्त्यांवर आम्ही दोघींनी गावभरच्या खिडक्या झाकल्या. ते माझे खरे सुखाचे दिवस.

काम वाढले, तशी ताईंना सामानाची व्हॅन हवी झाली. मला विकून येणाऱ्या पैशांवर ती अवलंबून होती. भंगारवाला आधीच येऊन गेला होता. त्याने मला लोखंडाच्या भावाने मोजले आणि दुसरे कोणी मिळाले नाही तर महिनाअखेर मला घेऊन जाईल, असे सांगितले. मी घाबरले होते. मामांनी तीच जुनी युक्ती सुचवली. इंजिन धुऊन घ्यायचे, तार काढून लावायची.

“आपल्याला तरी कोणी काय सांगितलं होतं?” मामा म्हणाले.

मला मामांचे म्हणणे पटले. जिवावर बेतले की खोटेही गोड लागते.

एका सकाळी एक गृहस्थ मला पाहायला आले. त्यांचे वडील डोंगरापलीकडे राहत आणि त्यांना दर आठवड्याला इकडच्या दवाखान्यात आणायचे होते. माझा रंग त्यांना आवडला. सगळीकडून फिरून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“चढाला ओढते ना?”

“ओढते की,” मामा म्हणाले.

ताई थोडा वेळ माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“नाही ओढत,” त्या म्हणाल्या. “चढावर हिला धाप लागते. तुमच्या वडिलांना घेऊन घाटात बंद पडाल.”

आणि मग त्यांनी माझी सगळी गाऱ्हाणी सांगितली. ऑइल पिते, बेअरिंग एकदा बदलले आहे, थंडीत सुरू व्हायला वेळ घेते. भर रस्त्यात स्वतःची दुखणी ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. गृहस्थांनी मान हलवली, आभार मानले आणि ते निघून गेले. मामा चहा न घेताच घरी गेले. मला आता भंगारवाल्याच्या टेम्पोची वाट पाहायची होती.

दोन दिवसांनी त्या गृहस्थांच्या बहीण आल्या. त्या घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचे आखडलेले गुडघे आणि खांदे चालते करत.

“भावानं सगळं सांगितलं. मला डोंगर चढायचा नाही, गावातच फिरायचंय,” त्या म्हणाल्या. “ज्या बाईनं एवढं सांगितलं, तिनं काही लपवलं नसणार.”

पैसे मात्र त्यांनी माझ्या दुखण्यांच्या हिशेबाने दिले, आणि ते रास्तच होते. मला घरी नेण्याआधी त्या सरळ मेकॅनिककडे घेऊन गेल्या. ताईंची व्हॅन लांबणीवर पडली. दांड्या पुन्हा खांद्यावर आल्या आणि बसमधली बोलणी पुन्हा सुरू झाली. हे कळल्यावर मला फार वाईट वाटले.

परवा एका बसथांब्यावर ताई दिसल्या. नव्या बाईंनी मला थांबवले, दांड्या तिरप्या करून आत घेतल्या आणि ताईंना शेजारी बसवले. ताईंनी माझ्या दारावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, “आवाज बरा येतोय हिचा.” त्यांनी हळूच डोळे पुसले आणि बाहेर पाहू लागल्या.

मित्रांनो, तुमची सायकल, घड्याळ, शिलाई मशीन, काहीही असो, ते वेळेवर दाखवत जा, नुसते पुसत बसू नका. आणि कधी दुसऱ्याच्या हाती द्याल तेव्हा त्याची खोडही सांगून द्या. ऐकताना त्या वस्तूला थोडी लाज वाटेल. पण ती जगेल.