पाच मिनिटं पुढचं घड्याळ

नांदुऱ्याजवळच्या रेल्वे फाटकावर इंद्रभाननं तीस वर्षं गेटमनकी केली, पण ड्युटीवर एकदाही उशिरा पोचला नाही. त्याचं गुपित घरच्या भिंतीवर टांगलेलं होतं. ते घड्याळ तो कायम पाच मिनिटं पुढं ठेवायचा आणि घरात कुणालाच पत्ता नाही अशा थाटात वावरायचा.

आज त्याची लेक महामाया आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर पीएचडीची तोंडी परीक्षा देत होती. रिटायर झालेला इंद्रभान दाराआड बसला होता. तासभर इंग्रजी चाललं. सारं डोक्यावरून गेलं, पण पोर बोलत होती अशी की बापाच्या सदऱ्याची बटणं तुटायचीच बाकी होती.

शेवटी परीक्षक मंजुश्री मॅडम म्हणाल्या, "आता हेच मराठीत सांगा बघू."

"हे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. एक दुसऱ्याच्या आड गेला की उजेड कमी होतो. ती वेळ मी अकरावी-बारावीत असताना गच्चीवरून, दुर्बिणीनं टिपली होती. त्या हिशेबानं आज जेव्हा आड जायला हवं, त्याच्या पाच मिनिटं आधीच ते जातात. म्हणजे त्यांची फेरी लहान होतेय. ते जवळ सरकताहेत. लाखो वर्षांनी एक होतील."

"आणि तेव्हाचं घड्याळ कोणतं?"

"घरचं. भिंतीवरचं."

पाच मिनिटं! इंद्रभाननं मनात हिशेब मांडला. घड्याळ पुढं, म्हणून पोरीनं जुनी वेळ उशिराची लिहिली. तारे बिचारे असतील जागच्या जागी! गप्प बसलं तर पोरगी डॉक्टर. बोललं तर इतक्या वर्षांची मेहनत मातीत. पण ज्यानं जन्मभर गाडीची वेळ एका मिनिटानंही खोटी लिहिली नाही, तो कसला गप्प बसतो!

तो थेट कॅमेऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. हात जोडले. "मॅडम, माफी असावी. थे घड्याळ पाच मिनिटं समोर होतं. म्याच ठेवलं. पोरीले मालूम नव्हतं. तिचा काही कसूर नाही."

महामाया खळखळून हसली. "बाबा, साऱ्या घराले ठाऊक होतं! आई तर पाच मिनिटं कमी धरूनच तुमचा चहा ठेवे." तिनं जुनी वही कॅमेऱ्यापुढं धरली. "मॅडम, हे घरचं घड्याळ, हे फाटकावरचं आणि हा फरक. फाटकावरचं घड्याळ बाबा रोज स्टेशनमास्तरांना फोनवर विचारून लावत. मी मनगटी घड्याळ घरच्याशी जुळवून संध्याकाळी तिथं जायचे आणि फरक लिहून आणायचे. ती पाच मिनिटं तेव्हाच वजा केलीत. उरलेली पाच ताऱ्यांची आहेत."

मंजुश्री मॅडमनी चष्मा काढला. "वेळ पाळणं कुणाकडून शिकलात ते कळलं. अभिनंदन, डॉक्टर महामाया."

लॅपटॉप मिटला तरी इंद्रभान तिथंच उभा. अकरावी-बारावीची दोन वर्षं ही पोर रोज संध्याकाळी डबा घेऊन फाटकावर यायची. माह्या पोरीचा बापावर लय जीव, असं तो गँगमनांना सांगत सुटायचा.

"काऊन वं," त्यानं विचारलं, "तू मंग घड्याळच पाहाले येत होती?"

"घड्याळ पाहाले एक मिनिट लागे, बाबा," महामाया म्हणाली. "तुमचं जेवण होईपर्यंत मी काऊन बसून राहत होती?"