तुळजाचे डोळे आणि मी

मित्रांनो, महाडच्या बाजारपेठेत एका बंद दुकानाच्या कोपऱ्यात तीन पायांवर उभा असलेला मी एक जुना लाकडी कॅमेरा आहे. माझा भाता फाटला आहे आणि अंगावरच्या काळ्या कापडाला कसर लागली आहे. आताची मुलं मला बघून हसतात. हसा, मला राग नाही. पण माझ्या नावावर एक चूक जमा आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझं सागवानी अंग मुंबईत एका सुताराने घडवलं. भिंग परदेशातून बोटीने आलं. महिपती नावाच्या तरुण फोटोग्राफरने मला घेतलं आणि १९५२ साली एसटीच्या टपावर बांधून महाडला आणलं. तेव्हा माझा काय थाट होता! मार्चमध्ये चवदार तळ्यावर लोक जमत, तेव्हा आमच्या दारात रांग लागे. माणसं केस चोपून, कोरे सदरे घालून माझ्यासमोर बसत. बड्या बड्या आसामी माझ्यापुढे श्वास रोखून धरत. थोडा गर्व मलाही झाला होता.

सर्वांत जास्त येत त्या लग्नाच्या मुली. पोलादपूरच्या डोंगरगावांतले तरुण मुंबईला कामाला असत आणि मुलगी बघायला यायला त्यांना रजा मिळत नसे. म्हणून मुलीचा फोटो मुंबईला जाई. तो पसंत पडला की गावात सुपारी फुटे, म्हणजे लग्न पक्कं होई. नवरामुलगा शिमग्याला आला की मुलीला पहिल्यांदा बघे. महिपती मनाचा मऊ. देवीचे व्रण तो निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने पुसट करी, छापलेल्या फोटोवर बारीक कुंचल्याने भुवया रेखी. पोरीचं भलं व्हावं, एवढाच त्याचा हेतू असे.

१९६१ च्या थंडीत कशेडी घाटाच्या बाजूचे एक शेतकरी, भागोजी, आपल्या तुळजाला घेऊन आले. तुळजा अठरा वर्षांची. तिचे डोळे बारीक होते, वरची पापणी जड. हसली की ते मिटल्यासारखे वाटत. मी ते जसेच्या तसे टिपले. महिपतीने मात्र फोटोवर ते चांगले टपोरे केले. फोटो मुंबईला गेला, पसंत पडला आणि सुपारी फुटली.

शिमग्याला नवरामुलगा थोरल्या भावाबरोबर आला. तुळजाने पोहे आणून ठेवले, तेव्हा फोटोतली मुलगी कुठे आहे असं त्यांनी विचारलं. भागोजींनी मान खाली घातली. थोरला भाऊ मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात वॉर्डबॉय होता. त्यानेच तोड काढली. तिथला एक डॉक्टर पापणी कापून डोळा मोठा करतो, तेव्हा लग्नाआधी मुलीला मुंबईला पाठवा, नाहीतर सुपारी परत. डॉक्टरला आधी एक खरा, कुंचला न लावलेला फोटो बघायला हवा होता. ठरलेलं लग्न मोडलं तर गावात पोरीकडे बोट दाखवतील, या धास्तीने भागोजी आणि तुळजाची आई बयाबाई दोघंही तयार झाली.

अशी तुळजा भागोजींबरोबर पुन्हा माझ्यासमोर आली. दुकानातल्या आरशात तिने बोटांनी पापण्या वर ओढून बघितल्या. मग पदरातून जुना फोटो काढून महिपतीपुढे धरला.

"दादा, कापल्यावर मी अशी दिसंन का?"

महिपतीने तो फोटो हातात घेतला. ती पुढे बोलली. घरच्या हातभर आरशात ती वेगळी दिसे, पण तिला वाटलं होतं आरसाच खोटा असेल. यंत्राला जास्त कळतं, असं ती धरून चालली होती. मित्रांनो, तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. मला जीभ असती तर मी तिथेच ओरडलो असतो.

"तुळजा, तुझ्या डोळ्यांत काही कमी नव्हतं," महिपती म्हणाला. "माझा हात जास्त चालला. माझी चूक झाली, आणि सुरी तुझ्या डोळ्याला लागतेय."

मग त्याने भागोजींना खुर्चीवर बसवलं आणि तुळजाला माझ्या कापडाखाली बोलावलं. माझ्या मागच्या दुधी काचेवर माणूस उलटा दिसतो, पाय वर, डोकं खाली. उलटा चेहरा सख्ख्या माणसाचाही चटकन ओळखता येत नाही. तुळजाला आधी मुंडाशाचा ठिपका दिसला, मग मिशा. नंतर डोळे दिसले. बारीक, जड पापणीचे. ती बराच वेळ आतच राहिली. तिचे ऊन श्वास माझ्या काचेवर जमत होते.

बाहेर आली तेव्हा ती शांत होती. "बाबा, हे तुमचं डोळं हायत. मी ते कापायला देणार नाय."

भागोजी उठले नाहीत. पंच्याने त्यांनी तोंड पुसलं.

"माझं नाय गो," ते म्हणाले, "माझ्या आयशीचं हायत ते."

त्या दिवशी महिपतीने बापलेकीचा एकत्र फोटो काढला आणि कुंचल्याला हातही न लावता छापला. मुलगी दवाखान्यात येणार नाही असं कळवून भागोजींनी तोच मुंबईला धाडला. आठवड्यात सुपारी मोडल्याचा निरोप आला. बयाबाई महिनाभर तुळजाशी धड बोलली नाही. तीन वर्षं मागणी घेऊन त्या घराची पायरी कोणी चढलं नाही. खोटं कशाला सांगू, ती वर्षं तुळजाला जड गेली. मग बिरवाडीच्या एका शेतकऱ्याने तिला भाताची लावणी करताना बघितलं आणि फोटो न मागताच मागणी घातली.

महिपतीने त्यानंतर कोणाचे डोळे वाढवले नाहीत. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं, तिथे छोटा नवा कॅमेरा होता आणि हवा तसा चेहरा मिळत होता. मी कोपऱ्यात आलो. त्याचं दुःख आहे, पण पश्चात्ताप नाही.

मित्रांनो, कधी इकडे आलात तर माझं भिंग मऊ फडक्याने पुसा. आणि कोणाचा चेहरा सुधारायला हात उचलण्याआधी थोडं थांबा. त्या चेहऱ्यात आणखी कोणकोण राहतं, ते आधी बघून घ्या.