माहितीदार क्रमांक चौदा

इतिहास विभागाच्या कार्यालयात दोन टोपल्या होत्या, एक टपालाची आणि दुसरी रद्दीची. बाहेरच्या लोकांची पत्रं आली की विभागाचे एकमेव कारकून ती हातात घेऊन दारात उभे राहत आणि गंभीर चेहऱ्याने विचारत, "मॅडम, टोपलीत टाकू, की टोपलीत?"

मॅडम हसत. कागदावरची नजर न उचलता म्हणत, "ठेवा हो पहिलीत. सवड मिळाली की बघते."

ती सवड काही मिळत नसे. कुणाला आपल्या गल्लीचं नाव कसं पडलं ते हवं असे, कुणाला आजोबा ज्या शाळेत शिकले तिचा जुना फोटो. पहिली टोपली भरली की कारकून ती पत्रं न फोडताच एका खोक्यात ओतत आणि खोकं कपाटावर चढवत.

मॅडम काही वाईट नव्हत्या. विभागप्रमुख होत्या, मन लावून शिकवत, विद्यार्थ्यांच्या अडीअडचणीला धावून जात. पण त्यांच्या पेशात माणसाचं मोजमाप एका अर्जावर होतं. शोधनिबंध किती, ते कुठल्या नियतकालिकात आले, किती विद्वानांनी त्यांचा उल्लेख केला, असे रकाने त्या अर्जात होते. लोकांच्या पत्राला उत्तर दिल्याचा रकाना नव्हता. आणि ज्याला रकाना नाही ते कामच नव्हे, असं हळूहळू वाटू लागतं. तुमचंआमचंही तसंच होतं. आपले अर्ज तेवढे वेगळे असतात.

त्या वर्षी विभागाला पन्नास वर्षं झाली. निवृत्त प्राध्यापकांशी गप्पा मारून त्या ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या, असं ठरलं. ज्या सरांच्या हाताखाली मॅडम शिकल्या, ते आता चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. त्यांच्याकडे मॅडम स्वतःच गेल्या. बारा प्रश्न लिहून नेले होते.

सर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. पुढ्यात भिंग होतं आणि एक उघडं नियतकालिक.

"ये. तू माझी परीक्षा घेणार म्हणून मीही तुझा अभ्यास करून ठेवलाय," ते म्हणाले.

मॅडमनी यंत्र सुरू केलं. "सर, तुमच्या संशोधनाच्या वाटचालीत सगळ्यात समाधान कशाचं वाटतं?"

"पुढचा प्रश्न विचार."

"सर!"

"अगं, खरंच सांगतोय. चाळीस निबंध लिहिले मी. त्यातले सतरा विणकरांवर. त्यांच्या घरात बसलो, त्यांच्या मागांचा आवाज ऐकला, त्यांची म्हातारी माणसं माझ्यापुढे रडली. त्यांनी सांगितलेलं सगळं मी लिहिलं. पण मी लिहिलेली एक ओळ तरी एखाद्या विणकराने वाचली असेल का? मला पदं मिळाली, मान मिळाला. आता वाटतं, जाऊन सांगावं एकेकाला की बाबा रे, तुझ्या आजोबांबद्दल मला हे हे सापडलं. तर आता गुडघे चालत नाहीत, आणि ती घरंही राहिली नाहीत." त्यांनी भिंग उचललं. "माझं राहू दे. हा तुझाच निबंध ना, पुलाचा?"

तो मॅडमचाच होता. अकरा वर्षांपूर्वीचा आणि सगळ्यात नावाजलेला. बावन्न वर्षांपूर्वी नदीवर पूल बांधताना त्याचा एक भाग कोसळला होता आणि तेवीस कामगार वाहून गेले होते. ठेकेदाराच्या कचेरीने घरच्यांना सांगितलं, काही सापडलं नाही. पण मॅडमनी चिकाटीने शोधून काढलं होतं, की ते मृतदेह पन्नास मैल खाली, दुसऱ्याच गावाला लागले होते. तिथल्या रुग्णालयाने त्यांना क्रमांक देऊन मागच्या मोकळ्या जागेत पुरलं होतं. रुग्णालयाच्या नोंदवहीत प्रत्येक देहाच्या खुणा लिहिलेल्या होत्या. त्या खुणा मॅडमनी घरोघरी जाऊन विचारलेल्या आठवणींशी ताडून पाहिल्या आणि तेवीसपैकी एकोणीस जणांची ओळख पटवली. फार मोठं काम होतं ते!

"सदतिसावी तळटीप वाच," सर म्हणाले.

तळटीप म्हणजे पानाच्या अगदी खाली, बारीक अक्षरात दिलेला पुरावा. घाईतला वाचक तिकडे फिरकतही नाही. मॅडमनी वाचलं, "देह क्रमांक अकरा. डाव्या हाताची करंगळी वाकडी, लहानपणी मोडलेली. माहितीदार क्रमांक चौदा यांच्या भावाशी खूण जुळते. दफन तिसऱ्या रांगेत."

"हा क्रमांक चौदा कोण?"

"त्या कामगाराची धाकटी बहीण, सर. अपघात झाला तेव्हा सतरा वर्षांची होती. माहिती देणाऱ्यांची नावं छापायची नाहीत असा दंडक आहे, म्हणून क्रमांक."

"तो ठीक आहे. तिला सांगितलंस?"

"काय?"

"भाऊ कुठे आहे ते."

मॅडम गोंधळल्या. "सर, छापून आलं ना."

"कुठे?"

त्यांनी नियतकालिकाचं नाव सांगितलं. ते परदेशातलं होतं, परक्या भाषेतलं होतं.

"ते तिच्या घरी येतं?"

यंत्र सुरूच होतं.

"अगं, डॉक्टरांनी रोग्याला तपासलं, निदान केलं आणि ते रोग्याला न सांगता डॉक्टरांच्या मासिकात छापलं, तर आपण काय म्हणू? त्या बाईंनी तुला घरात घेतलं. जे सख्ख्या माणसांनाही बोलून दाखवलं नसेल ते तुझ्यापुढे बोलल्या. कशासाठी? तुझा निबंध व्हावा म्हणून? त्यांना एकच गोष्ट हवी होती. ती तुला सापडली, आणि तू ती त्यांच्यापासून अशी लपवलीस की चोरालासुद्धा जमलं नसतं. मीच तुला हे शिकवायला हवं होतं. मला तरी कुठे येत होतं!"

मॅडमनी यंत्र बंद केलं. बारापैकी अकरा प्रश्न तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारकुनांनी पाहिलं, तर मॅडम स्टुलावर चढून कपाटावरचं खोकं ओढत होत्या.

"अहो मॅडम, पडाल! मला हाक मारायची ना."

"तुम्ही खालून धरा."

दोघं जमिनीवर बसून पत्रं निवडू लागले. कारकुनांनी आज विनोद केला नाही. दुपारपर्यंत एकाच पत्त्यावरून आलेली तीन पत्रं निघाली. पहिलं अकरा वर्षांपूर्वीचं. "मॅडम, तुम्ही येऊन गेलात, बरं वाटलं. दादाचं काही कळलं का? घाई नाही." दुसरं चार वर्षांनंतरचं. "आधीचं पोचलं नसेल म्हणून पुन्हा लिहिते." तिसरं गेल्या वर्षीचं, वेगळ्या अक्षरातलं. "आता नीट दिसत नाही, मुलीकडून लिहून घेते आहे. दादा सापडला नसेल तर तसं कळवा. म्हणजे मग वाट बघायची नाही."

मॅडमनी ते तिसरं पत्र दोनदा वाचलं. छापलं म्हणजे सांगितलं! अकरा वर्षं त्या याच समजुतीत वावरल्या होत्या.

त्या तडक त्या पत्त्यावर गेल्या. दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत एक बाई शिवणयंत्रावर बसली होती, तोंडात टाचण्या धरून. मॅडमनी आपण कोण ते सांगितलं. बाईने टाचण्या एकेक करून काढल्या, शेजारच्या छोट्या उशीला टोचल्या.

"आई पाच महिन्यांपूर्वी गेली," ती म्हणाली.

मॅडम उंबऱ्यातच थांबल्या.

"बसा. तुमची फार आठवण काढायची. म्हणायची, मोठी माणसं, कामात असतील. मी म्हणायचे, आई, त्या विसरल्या असतील गं. तर माझ्यावरच चिडायची. तुला काय कळतंय, म्हणायची, त्यांनी वहीत लिहून घेतलंय."

"तुमचे मामा सापडले आहेत," मॅडम म्हणाल्या. एवढं बोलायला त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी रुग्णालय, करंगळी, तिसरी रांग, सगळं सांगितलं.

बाई ऐकत राहिली. पुढ्यातलं अर्धवट शिवलेलं झबलं तिने घडी करून बाजूला ठेवलं.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. गेल्या आठवड्यात, असं म्हटलं असतं तर बाईने विश्वास ठेवला असता.

"अकरा वर्षांपूर्वी," मॅडम म्हणाल्या.

बाईने उशीतली एक टाचणी काढली, पुन्हा तिथेच टोचली.

"बसने किती तास लागतात तिथे जायला?" शेवटी बाईने विचारलं.

"दोन तास."

"दोन तास." बाईचा आवाज चढला नव्हता. "आई जेवायला बसली की मामासाठी एक घास बाजूला काढायची, आयुष्यभर. लहानपणी आम्ही हसायचो. मॅडम, तुम्ही शिकलेली माणसं ना? मग एवढी साधी गोष्ट कशी नाही कळली हो तुम्हाला?"

मॅडमनी क्षमा मागायला शब्द जुळवून आणले होते, ते त्यांना फार गुळगुळीत वाटले. "चुकलं माझं," एवढंच त्या म्हणाल्या आणि रडल्या. बाईने त्यांना रडू दिलं, पण समजूत काढली नाही. ते योग्यच केलं तिने.

रविवारी दोघी बसने गेल्या. रुग्णालयामागे गवत वाढलं होतं. हाताने गवत बाजूला करत त्यांनी तिसरी रांग शोधली. अकरा आकडा कोरलेला एक छोटा दगड होता. बाई त्याच्याजवळ बसली आणि कुणी पाहुणा दारात आल्यावर बोलावं तशा आवाजात म्हणाली, "मामा, आईला यायला नाही जमलं. मी आलेय, तिची थोरली."

परतताना तिने विचारलं, "बाकीच्यांना तरी सांगितलंत का?"

"नाही. अठरा घरं आहेत."

"मग उद्यापासून लागा. माझ्या आईसारखं आणखी कुणी जायच्या आत."

मॅडम लागल्या. तीन घरांना कुलपं होती. दोन घरांत विचारणारं माणूस उरलंच नव्हतं. सातव्या घरात एका कामगाराचा भाऊ होता, सत्तरी ओलांडलेला, कानाने पार गेलेला. मॅडम ओसरीवर बसून हळू आवाजात सांगू लागल्या.

"मोठ्याने!" म्हातारा ओरडला.

मॅडम मोठ्याने बोलल्या.

"अहो, ऐकू येत नाही! वर्गात शिकवता तशा बोला की!"

मग मॅडम उभ्या राहिल्या आणि वर्गातल्या आवाजात बोलू लागल्या. पूल कसा पडला, ठेकेदाराने काय सांगितलं, रुग्णालयाने काय लिहून ठेवलं. शेजारची दारं उघडली. कुणी हातातलं काम तसंच घेऊन आलं, कुणी कडेवरच्या लेकरासकट. अपघातातल्या माणसांची नावं त्यांनी एकेक करून घेतली. क्रमांक एकदाही उच्चारला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "हे आपल्याच गावचं? आम्हाला कुणी सांगितलंच नाही!"

वाचकहो, ज्ञान कपाटात ठेवून जपलं जात नाही. ज्याच्याकडून घेतलं त्याला ते त्याच्या भाषेत, त्याच्या दारात जाऊन सांगितलं, तरच ते पुरं होतं. विद्वानांनाच नव्हे, कचेरीत बसणाऱ्या, फाइल हाताळणाऱ्या आपल्या सगळ्यांना हे लागू आहे. आपल्या टेबलावरचा एखादा कागद कुणाच्या तरी आयुष्यभराच्या प्रश्नाचं उत्तर असतो. ते उत्तर आज द्या. कारण वाट बघणारी माणसं तक्रार करत नाहीत. एक दिवस निघून जातात, एवढंच.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. डोळे पुसले. मग मॅडमचा हात धरून त्यांना पुन्हा खाली बसवलं आणि म्हणाला, "आता पहिल्यापासून सांगा. सावकाश सांगा. मला घाई नाही."

मॅडमनी पहिल्यापासून सुरुवात केली.