मोराची मान

वाशीच्या हस्तकला प्रदर्शनात दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापक रंजिता मॅडम रावसाहेबांच्या टेबलापाशी आल्या. "काका, हे मोराचे ट्रे तेवढे आत ठेवा. कम्प्लेंट आलीय."

रावसाहेबांनी दोन ट्रे उचललेसुद्धा. कुणी काही बोललं की आधी ऐकायचं आणि मग आपलं काय चुकलं ते शोधत बसायचं, ही त्यांची जुनी खोड. पस्तीस वर्षं त्यांनी कळंबोलीत ट्रक रंगवले. अलीकडे ट्रकवाले तयार स्टिकर चिकटवू लागले, तेव्हा मुलगी अक्षता मागे लागली, पप्पा, तोच ट्रकवरचा मोर पत्र्याच्या ट्रेवर काढा. लोक हौसेनं घेत होते. घरी बसल्या बसल्या गंजत चाललेला हात पुन्हा चालू लागला होता.

"कसली कम्प्लेंट?" अक्षताने विचारलं.

"पलीकडच्या रांगेतले विपुल म्हणतात, हे डिझाइन त्यांचं आहे. त्यांच्याकडे कागद आहेत. तुमच्याकडे काही आहे?"

"ट्रक हायेत," रावसाहेब पुटपुटले. "पन ते आता कुठं आसतील, काय म्हाईत."

रंजिता मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांना बरं वाटलं.

त्या गेल्यावर ते लेकीला हळूच म्हणाले, "आसंल बी त्येचा. मोर काय एकटाच मानूस काढतो व्हय?"

"पप्पा, तुम्ही ना! चला, बघून येऊ."

विपुलच्या स्टॉलवर पुरुषभर उंचीचा कॅनव्हास टांगलेला होता. निळा मोर, हिरवा पिसारा. रावसाहेब चष्मा पुसून जवळ गेले. मोराची मान सरळ वर न जाता मध्येच डावीकडे वाकली होती आणि पुन्हा सरळ झाली होती. वाकल्या जागी मुठीएवढी जागा कोरी होती. रावसाहेबांच्या कानशिलांत रक्त चढलं.

"ही मान अशी का वाकवली?" त्यांनी विचारलं.

विपुल तिशीतला, गोड बोलणारा. "स्टाइल आहे काका. जरा वेगळा फील येतो."

"फील न्हाई. तितं कडी आस्ती."

"काय असते?"

"कडी! ट्रकच्या मागच्या फाळक्याला मधोमध लोखंडाची कडी आस्ती. मान सरळ काढली की कडी मोराच्या गळ्यात बसती. फाशी दिल्यावानी दिसतं. म्हनून मी ती वळवून घेतो. तुझ्या कापडाला कुठाय कडी?"

आजूबाजूची दोन-चार माणसं थांबली. रंजिता मॅडमही आल्या. विपुलने हसून फोन काढला. "मी कुठे नाही म्हणतो? ट्रकवरूनच घेतलंय. हा बघा फोटो, रस्त्यावरचा कुठलाही ट्रक. ही लोककला आहे काका, हिला मालक नसतो."

अक्षताने फोन जवळ ओढला आणि फोटो मोठा केला. कडीला वळसा घालून गेलेली मान. खाली कोपऱ्यात पिवळ्या अक्षरांत 'रावसाहेब पेंटर, कळंबोली' आणि मोबाइल नंबर. कॅनव्हासवर पिसाऱ्याचा डोळा न् डोळा उतरला होता, तेवढा कोपरा सोडून.

"मालक नसतो, तर कम्प्लेंट कशाला केलीस?" अक्षता कडाडली. "तू घेतलंस की सगळ्यांचं, आणि आम्ही विकलं की तुझं? वा रे वा!"

विपुल तिला सोडून रावसाहेबांकडे वळला. "काका, खरं सांगा. मोर काय तुम्ही शोधून काढलात? तुम्हीपण कुणाचं तरी बघूनच शिकलात ना?"

नेमका तिथेच घाव बसला. सकाळपासून हीच शंका त्यांना कुरतडत होती. मग त्यांचा आवाज निघाला, आणि तो इतका मोठा होता की तेच दचकले.

"शिकलो! जयप्रकाश मिस्त्रींकडून. सहा वर्सं त्येंचे ब्रश धुतले, तवा त्येंनी माज्या हातात ब्रश दिला. म्हनले, घे, आता मोर तुजा. तरी आजपस्तोर कुनीबी इचारलं, तर मी आदी त्येंचं नाव सांगतो. तू माजं सांगितलंस का? नाव समोर लिव्हलेलं, नंबर लिव्हलेला. एक फोन करायला तुजं बोट झडलं आस्तं का?"

रंजिता मॅडम घाईघाईने मध्ये पडल्या. "असं करू, दोघांनीही 'लोककलेवरून प्रेरित' अशी पाटी लावा. कम्प्लेंट मागे घेतील ते. काका, इथे फक्त सही करा, म्हणजे मिटलं."

पेन पुढे आलं. एरवी रावसाहेबांनी ते घेऊन सही करून टाकली असती. त्यांनी हात मागे घेतला.

"लोककला म्हंजे काय, काढनारा मेला का? मी हितं उबा हाये की."

"काका, विषय वाढवू नका."

"मी कुठं वाढवला? ह्यानं कम्प्लेंट केली, ती कशावर केली? तसलाच कोरा फारम द्या मला."

रंजिता मॅडमनी विपुलकडे पाहिलं, मग फाइलमधून एक फॉर्म काढून दिला.

"पप्पा, द्या, मी भरते," अक्षता म्हणाली.

"नगं." त्यांनी विपुलच्याच टेबलावरचे छापील मोर बाजूला सारले, फॉर्म पसरला आणि पाटी रंगवावी तशा ठसठशीत अक्षरांत पहिली ओळ भरली. मग चष्म्यावरून वर पाहिलं.

"तुजं पुरं नाव सांग. बापाचं, आडनावासगट. कुनाचं नाव गाळायची सवय न्हाई मला."